बोटभर कमी

१

कमी भरलेली बाटली तिला लांबूनच कळायची. औषधांच्या कारखान्यात तिचं कामच ते होतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागोमाग एक सरकत यायच्या, समोर उजेडाची पांढरी काच असायची आणि त्या उजेडात प्रत्येक बाटलीच्या मानेशी औषधाची रेघ दिसायची. रेघ जरा खाली असली की हिचा हात आपोआप पुढे जाऊन बाटली बाजूला काढायचा. शेजारची बाई सुनेचं गाऱ्हाणं सांगत असो नाहीतर पित्ताचं, हिचे कान तिकडे आणि डोळे इकडे. सुपरवायझर म्हणायचा, "ताई, तुमच्या नजरेतून थेंब सुटत नाही." हे तिने घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "म्हणूनच मला कधी अर्धा कप चहा मिळत नाही. आणशील तो काठोकाठ, पिताना शर्टावर सांडला तरी बेहत्तर."

नवरा वैमानिक. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. लहानपणी बापाने चेष्टेने ठेवलेलं नाव, पुढे पोराने खरं करून दाखवलं. मोठ्या विमानांचा कप्तान नव्हे हा. एक इंजिन, दोन माणसांपुरती जागा, दार लावताना दोनदा आपटावं लागायचं असलं ते विमान. जमिनीच्या मोजणीसाठी वरून फोटो काढायचे म्हणून तो सरळ रेघेत जायचा, रेघ संपली की वळायचा, शेजारच्या रेघेने परत यायचा. दिवसभर असंच.

त्या दिवशी परत येताना विमानतळ समोर दिसत असताना इंजिन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. विमान धावपट्टीच्या अलीकडच्या झाडांत उतरलं, आणि त्याला उतरलं म्हणणं हे चौकशीवाल्यांचं बोलणं. भेटायला आलेली माणसं तिचा हात हातात घेऊन म्हणत, "निदान आग तरी लागली नाही हो." जळायला काही उरलंच नव्हतं म्हणून लागली नाही, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. तिच्या आलं होतं, आणि ते मनातून हलत नव्हतं.

डोळ्यांना काम दिलं की मन गप्प बसेल, या भरवशावर ती कारखान्यात परतली. मन गप्प बसलंही. पण मग घरातली पाण्याची रेघ खाली जायला लागली.

२

घरात आता दोघंच, ती आणि सासरे. बाबा आयुष्यभर सुतारकाम केलेले, लाकडाचा भुसा फुप्फुसांत साठवून बसलेले. खिडकीशी त्यांची खाट, खाटेच्या उशाशी माणसाच्या छातीएवढा उंच ऑक्सिजनचा सिलिंडर. सिलिंडरच्या तोंडाशी पाण्याची छोटी बाटली होती. तिच्यातून हवा बुडबुडत नळीत जायची आणि नळीतून बाबांच्या नाकात. तो बुडबुड आवाज चालू असला की घर ठीक आहे असं धरून चालायचं.

बाबा पूर्वी फार बोलायचे. कप्तान उडायच्या आधी रोज त्यांचा फोन ठरलेला. टाकी भरलीस का? पूर्ण भरली का अर्धवट? नीट बघितलंस ना? ऐकू कमी यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवायचे, आणि पलीकडून वैतागलेला कप्तान सगळ्या घराला ऐकू यायचा. आता बाबा बोलतच नसत. भिंतीकडे बघत पडून राहत.

तिने त्यांच्या उशाशी काचेचा जग भरून ठेवला, गळ्यापर्यंत. स्वयंपाकघरातून गोळी घेऊन आली तेवढ्यात पाणी बोटभर खाली गेलेलं.

"बाबा, पाणी प्यायलात?"

"नाही गं. तहानच नाही."

जग फुटलाय की काय म्हणून तिने तळ चाचपला. कोरडा. जग पुन्हा भरला आणि विसरून गेली. दुसऱ्या दिवशी दुधाचं पातेलं बोटभर कमी. मग तेलाची बाटली. मग स्कूटर. पेट्रोल भरल्यावर झाकण लावायच्या आधी आत डोकावायची तिला सवय होती. घरी येऊन पुन्हा डोकावली तर कारखान्यापासून घरापर्यंतच्या अंतराला शोभणार नाही इतकं खाली. गच्चीवरच्या टाकीचंही तसंच व्हायला लागलं तेव्हा तिने नळवाल्याला बोलावलं. तो सगळे पाइप ठोकून, गुडघ्यांवर रांगून बघून म्हणाला, "ताई, टाकी ठणठणीत आहे. कुणी वरून येऊन पिऊन जात असेल तर मला माहीत नाही."

ती हसली. नळवाला जिना उतरून गेल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली, आणि ती बराच वेळ टाकीपाशी उभी राहिली. दुःखात माणसाची नजर जाते म्हणतात. पण नजर गेली असती तर कारखान्यात चुका झाल्या असत्या, आणि तिथे तर तिच्या हातून एकही बाटली सुटत नव्हती.

३

पहिली पाळी करून ती दुपारी घरी यायची आणि चहा टाकायची. अशाच एका दुपारी चहाला उकळी येत असताना छपरावरून काहीतरी गेलं.

इंजिनाचा आवाज नव्हता. नुसती हवा. लांबून सुरू झालेली, मोठी होत डोक्यावर आलेली, मग पलीकडे उतरत गेलेली. तिने खिडकीतून बघितलं. दोरीवरचे कपडे जागचे हलले नव्हते.

आतून बाबा म्हणाले, "आला वाटतं."

"कोण?"

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "वारा," ते म्हणाले.

तिने गॅस बंद केला. एकदा, लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा, तिने कप्तानला विचारलं होतं की वर असताना इंजिन बंद पडलं तर कसं वाटतं. तो नव्या पोरांना शिकवताना मुद्दाम इंजिन मंद करायचा, त्याला त्याचं काही विशेष नव्हतं. समोरचा कप उचलून त्याने चहावर फुंकर घातली होती. "हे असं. एवढंच ऐकू येतं. फार शांत वाटतं, खोटं कशाला बोलू? फक्त खाली बघायचं आणि हिशेब करायचा, पोचतो का नाही."

म्हणजे तो अजून पोचला नव्हता. हा विचार आला तशी ती ओट्याला धरून उभी राहिली आणि मोठ्याने स्वतःलाच म्हणाली, "वेडी आहेस का?" पण रडू आलं ते आलंच.

आवाज रोज येऊ लागला. त्याच सुमाराला, आणि प्रत्येक वेळी जरा खालून.

४

ऑक्सिजनवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढला तो कुरकुरतच. "ताई, परवाच तर दिला. एका माणसाला एवढा लागत नाही. किल्ली उघडी टाकता का रात्रभर?"

"नाही हो. मी स्वतः बघते."

"मग गळत असेल." त्याने साबणाचं पाणी करून सगळ्या सांध्यांवर फासलं. दोघंही वाकून बघत बसले. एकही बुडबुडा आला नाही. "गळत नाहीये," तो म्हणाला, आणि जाताना त्याने दारातून एकवार वळून बघितलं, सिलिंडरकडे नव्हे, तिच्याकडे.

पाणी, दूध, तेल, यांचं काय एवढं? घरात कुणी मरत नव्हतं त्यावाचून. हे वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी चहा न टाकता ती बाबांच्या खोलीत स्टुलावर बसून राहिली, सिलिंडरच्या काट्यावर डोळे लावून. आवाज लांबून सुरू झाला. काटा जागेवर होता. आवाज छपराशी आला आणि काटा, कुणी हलकेच बोटाने ढकलावा तसा, खाली सरकला. बाटलीतली बुडबुड मंद झाली. बाबांनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, ओठ काळसर पडले. तिने धावत जाऊन दुसरा सिलिंडर ओढत आणला, नळी बदलली, घाईत किल्ली तीनदा निसटली.

बाबांचा श्वास परत आला तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरलीस?"

"हो."

"मी नाही घाबरलो," ते म्हणाले. "मला वाटलं, त्याला लागत असेल."

दोघांच्याही मनात एकच गोष्ट आहे हे कळल्यावर ती खोटी ठरवायची सोय उरली नव्हती.

५

तिने पेट्रोलचा डबा आणला. गच्चीवर टाकीशेजारी ठेवला, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून. उघडा ठेवला तर उडून जाईल, आणि मग उडून गेलं म्हणून मनाची समजूत घालता येईल. तिला समजूत नको होती.

दुपारी आवाज आला आणि गेला. खाली सिलिंडरचा काटा हलला नाही. तिने वर जाऊन झाकण काढलं. डबा बोटभर कमी झाला होता.

तिने नेम धरला. कारखान्यातून येताना पंपावर थांबायचं, छोटा कॅन भरून घ्यायचा, गच्चीवर जाऊन डबा पुन्हा काठोकाठ भरायचा. पंपावरचा माणूस गमतीने म्हणाला, "ताई, स्कूटर पिते का चूळ भरून टाकते?" ती हसून "माहेरची आहे, लाडावलीये," म्हणाली. ते दिवस खरं सांगायचं तर बरे गेले. कुणासाठी तरी ताट वाढून ठेवावं तसं ते होतं. आवाज आला की ती गच्चीच्या दारात उभी राहायची. दिसत काहीच नसे. अंगावरून फुंकर जायची, तिच्यात त्याच्या जॅकेटच्या जुन्या चामड्याचा वास असायचा, आणि ती मनाशी म्हणायची, घे. पोटभर घे आणि ये.

पण एके दिवशी झाकण काढलं तर डबा पुरता रिकामा. खाली धावत गेली तर बाबांचा काटाही उतरलेला.

ती परत वर आली. रिकाम्या आभाळाकडे बघून ओरडली, "अजून किती लागतं रे तुला? घरी यायला किती लागतं?" पलीकडच्या गच्चीवर चादरी वाळत घालणारी शेजारीण हातातली चादर तशीच धरून बघत राहिली. हिला त्याची लाजही वाटली नाही. त्याला यायचंय आणि पुरत नाहीये, याच्यापुढे लाज कसली?

६

त्याच आठवड्यात पंप आला. विमानतळावर विमानांत पेट्रोल भरणाऱ्या माणसाला सगळे पंपच म्हणायचे, आणि तोही त्याच नावाला ओ द्यायचा. अंगाने आडवा, आवाजाने मोठा. आज मात्र खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. विचारू का नको, विचारू का नको, असं करत इतके दिवस गेले."

"विचारा ना."

"त्या दिवशी मी शिडीवर होतो. टाकीचं तोंड पंखावर असतं. नळी धरून उभा. कप्तान खाली, शेपटीच्या बाजूला, मला दिसत नव्हते. मशीनचा आवाज चालू. तेवढ्यात ऐकलं, 'पुरे आता, पुरे!' मी नळी बंद केली. झाकण लावून खाली उतरलो तर हे बसलेसुद्धा आत. हात केला आणि गेले."

"चौकशीत सांगितलंत ना हे?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, वैमानिकानेच थांबवलं, तुझी चूक नाही. सुटलो मी." त्याने तळवे पँटवर पुसले. "पण वहिनी, इतकी वर्षं मी त्यांना भरून देतोय. ते 'बस' म्हणायचे. 'बस रे राजा.' आम्ही सगळेच बस म्हणतो. पुरे कधीच म्हणाले नाहीत. ते डोक्यातून जात नाही माझ्या. दुसऱ्या कुणाशी बोलत होते का हो ते?"

पुरे हा या घरातला शब्द होता, आणि तोही एकाच माणसासाठी. बाबा ताटात जास्त वाढायला लागले की पुरे. थंडीत दुसरा स्वेटर काढायला लागले की पुरे. फोनवर टाकी भरलीस का, पूर्ण भरलीस का, असं तिसऱ्यांदा विचारलं की "भरतोय ना बाबा. पुरे आता, पुरे!" तो सूर, लहान पोरासारखा वैतागलेला, तिने सुटीच्या सकाळी कितीदा ऐकला होता. कमी पडू नये म्हणून जीव टाकणाऱ्या बापाला दिलेलं उत्तर शिडीवरच्या माणसाने ऐकलं होतं. आणि कप्तानला वाटलं होतं, टाकी भरून झाली.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बुडबुड ऐकू येत होती.

"माझ्याशी बोलत होते," ती म्हणाली. "मीच फोन केला होता. काहीतरी लांबण लावली होती मी."

पंप तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, वहिनी," एवढंच म्हणाला, आणि पाणीही न पिता उठला.

ती आत गेली. बाबा उशीला टेकून ताठ बसले होते.

"गेला का तो?"

"हो. सहज आला होता."

बाबांनी नाकाशी नळी सारखी केली. मग अगदी हळू, तिला दुखू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात फोन दारातच काढून घेतात ना गं?"

ती खाटेच्या कडेला बसली आणि त्यांचा हात धरून ठेवला. सुताराचा हात, अजून खरखरीत. तो हात तिच्या हातात होता, पण बाबा तिथे नव्हते.

७

दुसऱ्या दिवशी रजा घ्यायला हवी होती. शेजारणीला बसवून ती गेली, आणि परत येताना शेजारीण तिला रस्त्यातच भेटली. "मला म्हणाले, सून येतेच आहे, तू जा. किती गोड बोलले आज."

ती जिना धावत चढली. अर्ध्यावरच आवाज ऐकू आला. तीच हवा, पण आता छपरावर नव्हती. घरात होती.

बाबांच्या खोलीची खिडकी सताड उघडी. बाबा खाटेवर गुडघे टेकून खिडकीतून अर्धे बाहेर वाकलेले. नळी नाकात नव्हती. ती त्यांनी हातात धरून वर केली होती, टाकीच्या तोंडात धरतात तशी. सिलिंडरची किल्ली पुरती उघडलेली होती, बाटलीतलं पाणी उसळत होतं आणि काटा भराभर उतरत होता.

"भर," बाबा म्हणत होते. शब्दाशब्दाला छाती भात्यासारखी हलत होती. "भर रे. काठोकाठ. आज मी मध्ये बोलणार नाही."

तिने झेप घेऊन किल्ली पकडली. त्याच क्षणी बाहेर काहीतरी खोकलं.

हा आवाज तिला पाठ होता. विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून तिने तो थंडीतल्या सकाळी कितीतरी वेळा ऐकला होता. गार इंजिन. पंखा एक फेरा घेतो, धरतो, सोडतो. पुन्हा खोकला. पुन्हा सुटलं. आणखी थोडं, एवढंसं मिळालं की लागेल. खोलीवरून पंखाची सावली गेली, आणि ती जमिनीवरून गेली नाही, वरून गेली, आढ्यावरून, जणू विमान त्यांच्या पायाखालून जात होतं.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ओठ काळेनिळे, डोळे मात्र इतके स्वच्छ तिने त्या दिवसापासून बघितले नव्हते. त्यांनी मान हलवली. नको.

किल्ली सैल होती. एका वळणात बंद झाली असती, नळी परत नाकात गेली असती, शेजारचा सिलिंडर भरलेला होता. हे सगळं तिला कळत होतं. पण बाहेर इंजिन लागू बघत होतं आणि तिला नवरा घरी हवा होता. तिचा हात किल्लीवर होता आणि तिने किल्ली फिरवली नाही. हे ती पुढे कधीच कुणाला सांगू शकली नाही.

इंजिन लागलं.

पहिल्यांदा अडखळत, मग एकसारखं, मोठं, भरल्या पोटाचं. खिडकीच्या काचा थरथरल्या. बाबा हसले असं तिला वाटलं. मग ते आत खाटेवर कलले आणि नळी हातातून सुटली. नळीतून आता काहीच येत नव्हतं.

ती खिडकीशी गेली. बाबांकडे तिने बघितलं नाही, बघायचं नव्हतं म्हणून नव्हे, तर कान बाहेर लागले होते म्हणून. आवाज सरळ चालला होता. रेघ संपली की तो वळतो. वळला की तोंड घराकडे. ती खिडकीची चौकट घट्ट धरून त्या वळणाची वाट बघत राहिली. आता वळेल. आता वळेल. आवाज लहान होत गेला, अगदी एकसारखा, कुठेही न अडखळता, सरळ.

विमान उतरतं ते पेट्रोल संपत आलं की. त्याला आता कसली कमी नव्हती.

आवाज पुरता विरला तेव्हा तिने मागे वळून "बाबा," अशी हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली, त्यांना ऐकू कमी यायचं म्हणून.